रायनाचा एकटीचा फोटो

चेर्नोमोरेत्स, १७ जुलै १९९४

प्रिय दोन्का,

स्लिवेन सोडण्यापूर्वी तुमची प्रत्यक्ष भेट घेणे माझे कर्तव्य होते. ते मी पार पाडले नाही, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. घराची किल्ली तुमच्या पत्रपेटीत टाकली आहे. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी पुरेसे होईल.

मी येथे समुद्रकाठी ऑगस्टअखेरपर्यंत एक लहान घर भाड्याने घेतले आहे. प्रकृतीस्तव समुद्राची हवा घ्यावी, असा डॉक्टरांचा सल्ला मिळाला. घर दोन खोल्यांचे असून मागील दारी अंजिराचे झाड आहे. घरमालकीणबाईंचे नाव केराना. या भागातील रीतीप्रमाणे त्या उन्हाळ्यात स्वतःचे घर पाहुण्यांना देतात आणि आपण अंगणातील स्वयंपाकाच्या खोपटात राहतात. मी आल्या दिवशीच त्यांनी मला सांगितले, "सर, पलंग चांगला आहे. पाठ दुखली तर दोष समुद्राला द्या, पलंगाला नाही."

आता मुद्द्याचे. तुमच्या बहिणीला जाऊन येत्या २४ ऑगस्टला सहा महिने होतील. त्या दिवशी दारांवर आणि थांब्यांवर लावावयाचे स्मरणपत्रक छापण्यास कृपया घाई करू नये. मजकूर आणि फोटो दोन्ही मी येथून पाठवीन. चाळिसाव्या दिवसाच्या पत्रकावरील फोटो पुन्हा वापरू नये, एवढी विनंती आहे.

तुमचा,
मेतोदी

स्लिवेन, २२ जुलै

दाजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून माणसं समुद्रावर जातात, मान्य. पण तुमचे डॉक्टर काल मला बेकरीच्या रांगेत भेटले आणि मलाच विचारायला लागले, "मेतोदी सर हल्ली दिसत नाहीत, बरे आहेत ना?" मी काय सांगायचं? तुम्हीच धाडलंत म्हणून सांगू?

सहा महिने व्हायच्या आत समुद्रावर बंगला. आमच्या जिन्यातल्या मिन्काला तर आयतं कोलीतच मिळालं. म्हणते कशी, "बरंय बाई, पुरुषांचं दुःख लवकर वाळतं, खारं वारं लागलं की." मी म्हटलं, तुझा नवरा मेल्यावर तू तिसऱ्या महिन्यात केस रंगवलेस, तेव्हा मी बोलले का काही? तर आता आमची बोलचाल बंद आहे. तुमच्यामुळे.

आणि फोटोला काय झालं? मी स्वतः कापलाय, नखांच्या कात्रीनं, श्वास रोखून. तुमच्या घरातले चार अल्बम उलथेपालथे केले होते तेव्हा. लग्न, सहल, शाळेचं संमेलन, जिथं बघावं तिथं रायनाच्या शेजारी तुम्ही, पासपोर्टवरच्या शिक्क्यासारखे. एकटीचा एक फोटो नाही. सोझोपोलच्या विश्रामगृहाच्या गच्चीवरचा तेवढा बरा होता, तो घेतला. सगळे म्हणाले, किती गोड दिसते.

छापखान्याचा पान्चो वीस तारखेनंतर सुट्टीवर जातोय. तेव्हा जे काय पाठवायचं ते त्याआधी पाठवा. आणि चोवीसला इथं या. थडग्यावर गव्हाचा नैवेद्य मी एकटीनं न्यायचा नसतो, नवरा जिवंत असताना.

चौतीस वर्षं झाली, अजून मला "तुम्ही" लिहिता. मी कुणी शिक्षणाधिकारी आहे का?

दोन्का

चेर्नोमोरेत्स, २९ जुलै

प्रिय दोन्का,

डॉक्टरांसंबंधीचे माझे विधान अचूक नव्हते, हे मान्य करतो.

येथे हवा कोरडी असून वारा ईशान्येकडून वाहतो. मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. या किनाऱ्याचे प्रत्येक भूशिर फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो. परंतु आम्ही दर उन्हाळ्यात सोझोपोलला येत असू तेव्हा मी छत्रीखाली बसून वर्तमानपत्र वाचत असे आणि रायना फिरावयास जात असे. ती कोठे जात असे, हे मी कधी विचारले नाही. आता मी चालतो आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी आकिनच्या टोकापर्यंत गेलो. बुधवारी रोपोतामो नदीच्या मुखाशी होतो. तेथे नदी समुद्राजवळ येऊनही शेवटच्या वाळूपाशी थबकते आणि आडवी वळते. हे मी मुलांना शेकडो वेळा सांगितले होते, पाहिले प्रथमच. गुरुवारी कितेन, शुक्रवारी पुन्हा सोझोपोल. घरात तासाभराहून अधिक बसवत नाही. खुर्चीत बसलो की पाय आपोआप दाराकडे वळतात. केरानाबाई म्हणतात, "असा भाडेकरू देव सगळ्यांना देवो. घर भाड्यानं घेतो आणि राहतो बसथांब्यावर."

काल श्रीमती इलिएवा यांच्यासह पोमोरियेस जावे लागले. पुढील आठवड्यात त्यांच्याबरोबर त्सारेवोस जाण्याचा योग येईल असे दिसते. त्या अत्यंत सहृदय बाई आहेत.

फोटो वेळेत पाठविण्याचा माझा प्रयत्न आहे. चोवीस तारखेस उपस्थित राहण्याविषयी मात्र आज निश्चित लिहू शकत नाही.

तुमचा,
मेतोदी

स्लिवेन, ३ ऑगस्ट

दाजी,

मिन्काशी पुन्हा बोलावं लागलं, कारण बातमी तिच्याकडे होती. तिचा जावई सोझोपोलला गेला होता. त्यानं तुम्हाला बंदरावर बघितलं. समोर तळलेल्या बारीक मासळीची ताटली आणि ताटलीपलीकडे एक बाई, पिवळी टोपी घातलेली. म्हणे सर तिला मासळीचे काटे काढून देत नव्हते, पण तेवढंच राहिलं होतं.

हीच का ती सहृदय?

मी काही लहान नाही. माणूस एकटा पडतो, मला कळतं. वर्ष जाऊ द्या, दीड वर्ष जाऊ द्या, मग टोपी पिवळी असो नाहीतर जांभळी, मी एक शब्द बोलणार नाही. पण दाजी, रायनाचे कपडे चाळिसाव्या दिवशी वाटायचे असतात. तुम्ही म्हणालात, राहू द्या अजून थोडे. मी राहू दिले. तिचा निळा कोट अजून तुमच्या दारामागं लटकतोय, आणि तुम्ही तिकडे किनारे मोजताय.

तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. पत्रक मी छापते. फोटो तोच, चाळीस दिवसांचा, दुसरा माझ्याकडे नाही. पान्चोला परवा देऊन टाकते.

दोन्का

चेर्नोमोरेत्स, ८ ऑगस्ट

प्रिय दोन्का,

तुमचे पत्र आज सकाळी मिळाले. पान्चोला थांबवा. मी जे लिहिणार नव्हतो ते आता लिहितो.

तुम्ही कापलेल्या फोटोत रायनाच्या डाव्या खांद्यावर चार बोटे राहिली आहेत. ती माझी आहेत. ते पत्रक आमच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीसमोरील झाडावर आणि शाळेच्या कुंपणावर तीन महिने होते. पावसाने तिचा चेहरा फिकट झाला, बोटे मात्र ठळक राहिली. बेकरीतील वृद्ध बाई मला म्हणाल्या, "सर, जित्याचा हात मेलेल्याच्या खांद्यावर राहू देऊ नये. ओढून नेतात." मी अंधश्रद्ध नाही. ओढून नेले जाण्याचे मला भय नाही. परंतु पाव घेण्यास जाताना रोज चार ठिकाणी मला असे दिसत असे की मी तिला अजून धरून ठेवले आहे, आणि आता तिला तो हात झटकताही येणार नाही. तुमच्या श्रमांचा उपमर्द होईल म्हणून हे बोललो नव्हतो.

तिचा एकटीचा एक फोटो होता. सन १९६७ मध्ये सोझोपोलच्या किनाऱ्यावर वल्को इलिएव्ह नावाचा फोटोग्राफर हिंडत असे. त्याच्यासोबत एक गाढव असे, गवती टोपी घातलेले. आदल्या दिवशी त्याने रायनाचा फोटो काढला होता. प्रत घेऊन तो विश्रामगृहाच्या गच्चीवर आला आणि त्याने ती माझ्या हाती दिली. मी ती न पाहताच परत केली. म्हणालो, "एकटीचा कशाला? तिला कोणी नाही की काय? आमचा दोघांचा काढा." त्याने काढला. तुम्ही कापला तो हाच.

वल्को दहा वर्षांपूर्वी वारला. श्रीमती इलिएवा त्याच्या कन्या असून सोझोपोलच्या औषधालयात काम करतात. त्यांची टोपी पिवळी आहे, हे मी नाकारत नाही. वल्कोच्या निगेटिव्हच्या पेट्या तीन घरांत विखुरल्या आहेत. पोमोरियेतील पेटीत ओल शिरून सर्व फिल्म एकमेकींना चिकटल्या होत्या. सोझोपोलमधील पेटी सन १९७१ नंतरची निघाली. मासळी आम्ही त्या पेटीनंतर खाल्ली, कारण सकाळपासून काही खाल्ले नव्हते. आता त्सारेवोची राहिली आहे. बाईंना रजा मिळताच जाऊ.

रायनाला एका कागदावर तरी एकटे राहू द्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

तुमचा,
मेतोदी

स्लिवेन, १२ ऑगस्ट

दाजी,

पान्चोला थांबवलं. तो कुरकुरला, पण थांबला.

बोटं मला माहीत होती. कापताना दिसली नाहीत असं का वाटलं तुम्हाला? ती काढायची तर रायनाचा खांदाच कापावा लागला असता. मी कात्री तिथं नेली आणि परत आणली. कुणी बघणार नाही म्हटलं. तुम्ही बघाल हे डोक्यात आलं नाही, कारण तुम्ही कधी काही बघितलंय असं मला आजवर वाटलं नव्हतं. रागावू नका. रागावलात तरी चालेल.

टोपीबद्दल जे लिहिलं ते मागं घेते. मिन्कालाही सांगितलं, औषधवाली आहे, बापाच्या पेट्या दाखवते. मिन्का म्हणाली, "पेट्याच दाखवते ना?" तिचं तोंड देवानं दिलंय, मी काय करू.

पण माझं ऐका. त्सारेवोला जाऊ नका. सत्तावीस वर्षांपूर्वीचा फोटो, काय असणार त्यात? उन्हात डोळे बारीक केलेले असतील, केस वाऱ्यानं उडालेले. पत्रकाला चालणार नाही. फोटोशिवायच छापू, नुसता क्रूस आणि नाव. खूप जण तसं छापतात, साधं आणि सभ्य. जुन्या पेट्या उपसून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. तुम्ही दमलाय. मंगळवारच्या बसनं परत या. मी भरलेल्या मिरच्या करून ठेवते.

खरंच सांगते, नका जाऊ.

दोन्का

चेर्नोमोरेत्स, १७ ऑगस्ट

प्रिय दोन्का,

हे पाकीट बुर्गासहून स्लिवेनला जाणाऱ्या बसच्या चालकाजवळ देत आहे. फोटो आत आहे. वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत ठेवला आहे.

तुमचे पत्र येण्याआधीच आम्ही त्सारेवोस जाऊन आलो होतो. पेटी एका कोळ्याच्या पडवीत, जाळ्यांखाली होती. झाकणावर वल्कोच्या हस्ताक्षरात "१९६७, न नेलेले" असे लिहिले होते. श्रीमती इलिएवा एकेक पट्टी खिडकीशी धरून पाहत होत्या. एका पट्टीशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, ही बघा. पण जरा बसून घ्या." मी उभ्यानेच पाहिली.

तुम्ही मला जाऊ नका म्हणून लिहिलेत. त्यावरून तुम्हाला सर्व ठाऊक आहे, असा निष्कर्ष मी काढतो. त्यामुळे आता सरळ लिहिणे सोपे जाते.

रायना सोझोपोलच्या बोटीच्या धक्क्यावर बसली आहे. ठिपक्यांचा पोशाख आहे. बूट काढून शेजारी ठेवले आहेत. बुटांशेजारी आमची तपकिरी सुटकेस आहे. सावलीवरून पाहता सकाळचे दहा वाजले असावेत. बुर्गासची बोट साडेदहाला सुटत असे.

फोटो न पाहताच परत केला, असे मी लिहिले होते. ते असत्य आहे. मी तो पाहिला होता. सुटकेस दिसेपर्यंत पाहिला आणि मग परत केला.

फोटो काढला त्याच दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर रायनाने समोरच्या कुटुंबाला सांगितले की तिला संत किरिकच्या बेटावर जाऊन पाहावयाचे आहे. मी म्हणालो, ते आता बेट नाही, बांध घालून जमिनीला जोडलेले आहे, आणि भूगोलाच्या शिक्षकाच्या पत्नीला एवढे तरी ठाऊक असावे. टेबलावरील सर्व जण हसले. मीही हसलो. रायनाने चमचा खाली ठेवला आणि उठून गेली. दुपारच्या जेवणास ती परत आली, हातात सुटकेस होती. म्हणाली, कडी सैल झाली होती, दुरुस्तीला नेली होती. मी म्हणालो, बरे केलेस.

कडी सैल नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर तिने खरे सांगितले असते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढवून घेतला, आणि पुढील सत्तावीस वर्षे मी सभ्यपणे वागलो. सभ्यपणे वागणे मला चांगले जमते.

ती का थांबली, हे शोधण्यासाठी मी आलो होतो. एकटीचा फोटो हवा होता हे खरे, परंतु त्याहून अधिक मला तिचा चेहरा पाहावयाचा होता. वाटले होते, चेहऱ्यावरून कळेल. फोटोत ती उजवीकडे, चौकटीबाहेर कोठेतरी पाहते आहे. बोट येत आहे की सुटून गेली आहे, हे दिसत नाही. काही कळत नाही. मी रोज धक्क्यावर जाऊन उभा राहतो. तेथूनही कळत नाही.

ज्या स्त्रीला मी एवढेही विचारले नाही, तिच्या थडग्याशी लोकांसमोर पती म्हणून उभे राहण्याचा हक्क मला आहे असे वाटत नाही. म्हणून चोवीसला मी येणार नाही. फोटो छापावा की नाही, हे तुम्ही ठरवा. छापल्यास कोठेही कापू नये.

तुमचा,
मेतोदी

स्लिवेन, २१ ऑगस्ट

दाजी,

हे पत्र त्याच ड्रायव्हरच्या हाती देतेय. उद्या संध्याकाळी तुम्हाला मिळेल. चांगला माणूस आहे, पुठ्ठे उलटे होऊ नयेत म्हणून मांडीवर ठेवून आणले म्हणाला. गाडी कशी चालवली देव जाणे.

मला ठाऊक होतं, हो. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिनं सोझोपोलच्या पोस्टातून मला कामावर फोन केला होता. "दोन्का, मी येतेय. पलंग घाल." एवढंच बोलली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एका खोलीत राहत होते. पलंग कसला, फळी टाकली दोन खुर्च्यांवर. मिरच्या भरल्या. बुर्गासच्या तीन बस येऊन गेल्या, तिन्ही वेळा मी स्टँडवर होते. शेवटच्या बसमधून एक माणूस कोंबड्या घेऊन उतरला, बास.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी ओरडले तिच्यावर. विचारलं, का नाही आलीस? तर म्हणते, "अगं, विश्रामगृहातल्या जेवणाची कुपनं माझ्याच पर्समध्ये राहिली होती, दोघांचीही. हा माणूस उपाशी बसला असता आणि कुणाकडे मागितलंही नसतं. द्यायला म्हणून गेले, तर सूप वाढलेलं होतं."

दाजी, यापेक्षा जास्त तिनं मला कधी सांगितलं नाही, नंतरही नाही. मी दोनचारदा खोदून विचारलं. तेच म्हणायची, कुपनं. प्रेम म्हणाली असती तर मी तुम्हाला प्रेम लिहिलं असतं, मला काय शाई महाग आहे? पण पुढच्या वर्षी तिनंच तुमच्या आधी जाऊन सोझोपोलचं नाव नोंदवलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. तेव्हा त्यातून तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या. मला विचाराल तर तुम्ही वाईट नवरा नव्हता आणि फार चांगलाही नव्हता. तिलाही नवरा म्हणजे काय, हे तुमच्यावरूनच कळलं.

हक्काचं म्हणाल तर मलाही नाही. ती आली नाही म्हणून मी तिच्याशी दोन वर्षं धड बोलले नव्हते. चांगली दोन वर्षं, पाच मिनिटांच्या अंतरावर राहून. तरी मी बुधवारी जाणार. ज्यांनी तिला काही विचारलं नाही आणि ज्यांनी विचारून डोकं खाल्लं, त्या सगळ्यांनीच जायचं असतं. दुसरे आहेत कोण तिला?

फोटो पान्चोला दिला. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "बाई, चेहरा मोठा करून देतो, ती सुटकेस छाटतो, एका मिनिटाचं काम." मी म्हटलं, छाट, मग मी तुझं नाक छाटते. तो म्हणाला, पत्रकावर असं कुणी छापत नाही, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, टेबलावर बसून हसण्यापेक्षा हे बरं. त्याला काही कळलं नाही. पूर्ण छापलाय. बूटसुद्धा आलेत.

काल दुपारी मी लावत फिरले. तुमच्या दारावर, थांब्यावर, झाडावर, कुंपणावर. गहू मंगळवारी सकाळी भिजत घालतेय, मोठ्या पातेल्यात. ते पातेलं मला एकटीला उचलत नाही, कंबर गेलीय. अक्रोड तुम्ही फोडायचे, तुमच्याइतके अख्खे गर कुणाचे निघत नाहीत. मंगळवारच्या दुपारच्या बसला ड्रायव्हर तुमच्यासाठी पुढची जागा ठेवणार आहे, मी सांगितलंय. नाही आलात तर ती रिकामी येईल आणि मी स्टँडवर असेन. मला सवय आहे.

थांब्यावर पत्रक चिकटवत होते तेव्हा मिन्का आली. पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "अगं, ही सुटकेस घेऊन कुठं निघालीय?"

सत्तावीस वर्षं मी हे कुणाजवळ बोलले नव्हते, दाजी. आईजवळसुद्धा नाही. मी म्हटलं, "माझ्याकडे. माझ्याकडे यायला निघाली होती."

"मग?"

"मग काय. जेवायला थांबली."

दोन्का